राखलेल्या डोहातला मांगूर

मांगूर लवकर मरत नाही. रोहू किंवा कटला पाण्याबाहेर काढला की चार उड्या मारतो आणि शांत होतो. मांगूर हवेतूनही श्वास घेतो. ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवला तर सकाळी धरलेला मासा संध्याकाळी मिशा हलवत तुमच्याकडं बघत असतो. अंगाला खवले नाहीत, कातडी काळी आणि बुळबुळीत, डोकं वरवंट्यानं चेपल्यासारखं चपटं, आणि तोंड एवढं मोठं की मुठीएवढा मासा सहज आत जावा. हा आफ्रिकेतला मासा. तो पाळायला बंदी आहे, विकायला बंदी आहे, आणि दिसेल तिथं नष्ट करा असा आदेश आहे. तो आदेश बजावणाऱ्यांपैकी मी एक होतो.

मी मूळचा देवणी तालुक्यातला, शेतकऱ्याच्या घरातला. आमच्या दावणीला बैल होते, पण चुलीवर मासा कधी शिजला नाही. भरतीत नाव लागलं ते नेमकं मत्स्यव्यवसाय खात्यात. वडील गावात सांगायचे, "पोरगं सरकारी नोकरीत हाय." कुठल्या खात्यात असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "पाण्याच्या." लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांतच माझी सगळी नोकरी झाली. लोक मला 'फिशरीवाले साहेब' म्हणायचे. साहेब मी नव्हतो, साहेबांच्या जीपमध्ये मागच्या बाकड्यावर बसणारा होतो. पण गावात जीपमधून उतरतो तो साहेबच.

आमचं काम मासे जगवायचं. पावसाळा लागला की बोटाएवढी पिल्लं, त्यांना बोटुकली म्हणतात, ती ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून आणायची. पिशवी फाडून पिल्लं तळ्यात ओतायची नसतात. पिशवी तशीच पाण्यावर तरंगत ठेवायची, आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी सारखं गार झालं की तोंड सोडायचं. पिल्लं आपापली बाहेर पडतात. ती जाताना बघायला मला उभ्या नोकरीत कधी कंटाळा आला नाही. तळी भोई समाजाच्या सोसायट्यांकडं असायची. पुढं वर्षभर मासे सांभाळायचे आणि धरायचे ते त्यांनी. मी फक्त फिरायचो, बघायचो, सांगायचो.

सांगायचो ते एकच. मासा वाढवा. शेततळं असेल तर त्यात वाढवा, तलाव असेल तर तलावात वाढवा. आणि नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत वरून आलं की मांगूर मारा.

आता यात एक घोळ आहे. मांगूर आपलाही आहे. देशी मांगूर लहान असतो, वीतभर वाढला तरी पुष्कळ झाला, रंगानं तांबूस. तो आता फार क्वचित मिळतो. आजारातून उठलेल्या माणसाला तो खाऊ घातला की ताकद येते असं लोक मानतात, म्हणून त्याला मागणी. व्यापारी परदेशी मांगुराची पिल्लं 'देशी' म्हणून विकतात, कारण लहानपणी दोन्ही सारखीच दिसतात. मोठ्या माशात फरक कळतो तो डोक्याच्या मागच्या हाडावरनं. अंगठा फिरवायचा. देशी असेल तर हाडाची कड गोलसर लागते, परदेशी असेल तर टोकदार.

नांदेडच्या ऑफिसात एकदा एक माणूस ओलं पोतं घेऊन आला आणि ते त्यानं सरळ माझ्या टेबलावर ठेवलं. आत हातभर मांगूर.

"साहेब, माझ्या सासऱ्याचं आपरेशन झालंय. त्याला ताकदीचं पायजे. ह्यो देशी हाय का, बगा."

मी अंगठा फिरवला. "परदेशी आहे."

"पुरा?"

"पुरा."

त्यानं जरा विचार केला. "दोन्हीचा मिळून झाला आसंल तर?"

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. दोन्हींचा संकर होतो हे मी ऐकलं होतं, पण संकराचं हाड अंगठ्याला कसं लागतं ते मला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "तसंही होऊ शकतं."

"मग निम्मा तर देशी झाला की. सासऱ्याला चालंल तेवढा."

तेवढ्यात मासा टेबलावरनं खाली पडला आणि पुढचे दोन काटे फरशीवर टेकवत, वळवळत, कपाटाखाली निघाला. आमचे क्लार्क खुर्चीवर चढले. त्या माणसानं अगदी शांतपणे कपाटाखाली हात घालून मासा ओढला, पोत्यात टाकला आणि गेला. मी त्याला अडवायला हवं होतं की नको, हे मी नंतर दिवसभर ठरवत बसलो होतो.

मुदखेडकडच्या दिगंबरच्या शेततळ्याची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. दिगंबर फुलशेती करणारा माणूस, मोगरा आणि गुलाब. मीच त्याला सांगितलं होतं की शेततळ्यात नुसतं पाणी कशाला ठेवतोस, मासे सोड. त्यानं सोडले, पण खात्याची पिल्लं संपली होती म्हणून एका फिरत्या व्यापाऱ्याकडनं आणले. आम्ही तपासणीला गेलो तेव्हा तळं काळ्या पाठींनी भरलेलं. दिगंबर काठावर आला की त्याच्या पायरवानंच ते वर यायचे. त्याला त्याचं फार कौतुक होतं. "बगा साहेब, वळखतेत मला."

आदेश आदेश असतो. मशीन बोलावून खड्डा केला, तळं उपसलं, मासे खड्ड्यात टाकले, वर चुना आणि माती. दुसऱ्या दिवशी सकाळी खात्री करायला गेलो तर खड्ड्यावरची माती एका बाजूनं उकरल्यासारखी दिसत होती, आणि दिगंबर टोपलं घेऊन उभा. काही मासे रात्रीतून मातीतनं वर आले होते आणि चिखलातनं पाटाच्या दिशेनं निघाले होते. ते त्यानं गोळा केले होते. टोपल्यात ते जिवंत होते, अंगाला चुना लागलेला.

त्यानं मला विचारलं, "कुठं टाकू?"

त्याच्या एका हाताला रिकामं तळं होतं, दुसऱ्या हाताला खड्डा. उत्तर मला पाठ होतं. "खड्ड्यात," मी म्हणालो. त्यानं ते खड्ड्यात टाकले आणि स्वतःच फावडं घेतलं. नंतर मी त्याच्याकडं अनेकदा गेलो, चहा घेतला. त्यानं पुन्हा मासे सोडले नाहीत. मीही पुन्हा सोड म्हणालो नाही.

ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती मांजरा नदीवरच्या एका गावातली. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांना ते कळेल, बाकीच्यांना गरज नाही.

उन्हाळ्यात मांजरा तुटते. वाहणं थांबतं आणि जागोजागी डोह उरतात. या गावाच्या खालच्या अंगाला दोन मोठे खडक आहेत, त्यांच्यामधला डोह कधी आटत नाही. गावातले जुने भोई लिंबाजी यांनी ऐन उमेदीत ठरवलं की या दोन खडकांच्या मधे जाळं टाकायचं नाही, गळ टाकायचा नाही. नदीतले मासे उन्हाळ्यात इथं येऊन राहतात, पावसाळ्यात पाणी आलं की इथूनच वर-खाली पसरतात. हा डोह राहिला तर नदी राहील. त्यांनी मरीआईच्या नावानं नारळ फोडला आणि सगळ्या भोयांकडून शब्द घेतला. शेजारच्या गावांनीही तो पाळला. मी नोकरीला लागलो तेव्हा लिंबाजी थकलेले होते, पुढं वारले. पण मी जिथं जिथं शिबिरात बोलायला उभा राहायचो तिथं या डोहाचं उदाहरण द्यायचो. कुठल्या कायद्याशिवाय, कुणी न सांगता राखलेला डोह. लोक माना डोलवायचे.

लिंबाजींच्या मागं त्यांची बायको गयाबाई रोज सकाळी डोहावर जायची आणि भाकरीचे तुकडे टाकायची. मी तिला मावशी म्हणायचो. तिचा मुलगा मारुती सोसायटीचा चेअरमन. चाळिशीचा, कमी बोलणारा, नदीत उतरला की मात्र कुणाला ऐकत नाही असा.

एका उन्हाळ्यात मारुती लातूरच्या ऑफिसात आला. उभ्या उभ्याच म्हणाला, "साहेब, नदीत मासाच न्हाई."

"नाही म्हणजे? कमी झाला?"

"शिंगाळा न्हाई, वाम न्हाई, मरळ न्हाई. चिलापी तेवढी हाय. अन काळे मांगूर. जाळं फाडून जायलेत."

मी त्याच्याबरोबर गेलो. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून आम्ही गावाच्या वरच्या आणि खालच्या डोहांतून जाळी टाकली. मारुती म्हणाला तसंच निघालं. चिलापी, म्हणजे तिलापिया, आणि मांगूर. मांगूर फार मोठे नव्हते, पण ते आले कुठून ते आम्हाला दोघांनाही समजलं. मोठे मासे जिथं असतील अशी एकच जागा होती, तो राखलेला डोह.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोहावर गेलो. गयामावशी तिच्या रोजच्या जागी, खडकाच्या सावलीत बसली होती. तिनं भाकरी कुस्करली, पाण्यात टाकली, आणि "या, बाबांनो, या" असं हळू म्हणाली. पाणी फुगल्यासारखं झालं. काळ्या पाठी वर आल्या. त्यांतला एक तर मांडीएवढा जाड होता, मिशा दोरीसारख्या. पूर्वी मी इथं आलो होतो तेव्हा पाणी रुपेरी दिसायचं, लहान-मोठे, दहा रंगांचे मासे यायचे. आता एकच रंग होता.

"बगा साहेब, कसे वाढलेत," मावशी म्हणाली. "मालकाचं पुण्य हाय."

मी त्या दिवशी तिला काही सांगितलं नाही. मारुतीला म्हणालो, तू सांग. तो म्हणाला, "मी कसं सांगू? बापाचा शबुद हाय. तुमी सांगा, तुमी सरकारचे."

शेवटी आम्ही दोघं तिच्या ओसरीवर जाऊन बसलो. मी शिबिरात सांगायचो तसं सांगितलं. हा मासा आपला नाही, परदेशातला आहे, दुसऱ्या माशांची अंडी-पिल्लं खातो, कुणाच्या तरी तळ्यातून पुरात वाहून आला असणार.

"परदेस मंजी कोणता?" मावशीनं विचारलं.

"आफ्रिका."

"लई लांब हाय का?"

"समुद्राच्या पलीकडं."

मग मारुतीकडं बघून म्हणाली, "अन चिलापी कुठली रं?"

"तीबी भाईरचीच हाय, माय."

"मग तिला का न्हाई मारत?"

मारुतीनं माझ्याकडं बघितलं. चिलापी बाहेरचीच. गवत्या मासा बाहेरचा. सिप्रिनस, म्हणजे साधा कार्प, तोही बाहेरचा, आणि तो तर मी स्वतः पिशव्या भरभरून सोडला होता. रोहू-कटलासुद्धा या नदीत उत्तरेकडनं आणून सोडलेले आहेत असं म्हणतात. मी म्हणालो, "मावशी, हा जास्त खातो."

"खायला तर समदेच आलेत," ती म्हणाली. हे ती मला हरवायला म्हणत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं, आणि मलाही ते सोपं करून सांगता येत नव्हतं. मी एवढंच म्हणालो की डोहात आता दुसरा मासा उरलेला नाही. लिंबाजींनी डोह राखला तो सगळ्या माशांसाठी. आता ते राखणं एकट्या मांगुराच्या कामी आलं आहे.

ती म्हणाली, "मालक आसते तर काय केले आसते, तेच समजंना मला."

सोसायटीची बैठक झाली. निम्मे म्हणाले डोहाचा नियम मोडावा, निम्मे म्हणाले मरीआईचा कोप होईल. एक जण म्हणाला की मारायचेच तर बाजारात नेऊ. मी म्हणालो, विकता येत नाही, मातीत पुरायला लागतील. त्यावर दोन्ही बाजूंची माणसं एक झाली. भोयाच्या घरात मासा धरला तर खातात, नाहीतर विकतात. धरून मातीत घालायचा ही कसली रीत? मला त्यांचं पटत होतं आणि आदेश वेगळा होता. बैठक दोनदा मोडली. तिसऱ्यांदा मावशी स्वतः आली, बायकांच्या बाजूला बसली आणि म्हणाली, "मोडा. पर मी तिथं ऱ्हाईन."

मे महिन्यात, डोह सगळ्यात उथळ असताना, आम्ही उतरलो. मांगूर धरायचे दोन मार्ग. एक म्हणजे लांब दोरीला थोड्या थोड्या अंतरावर गळ बांधायचे, गळाला कोंबडीची आतडी लावायची आणि दोरी रात्रभर पाण्यात सोडायची. दुसरा म्हणजे ओढजाळं. त्याच्या खालच्या कडेला शिशाचे मणी असतात, वरच्या कडेला तरंगणारे तुकडे. दोन्ही टोकं धरून माणसं दोन काठांनी ओढत जातात आणि मधलं सगळं एका बाजूला गोळा होतं.

गळाला लहान-मध्यम बरेच लागले. पण सकाळी ओढजाळं लावलं तर मोठे हाती येईनात. जाळं जवळ आलं की मांगूर तळाच्या चिखलात घुसतो, शिशाची कड त्याच्या पाठीवरून सरकते, आणि जाळं पुढं गेलं की तो मागं मोकळा. माणसं पायानं चिखल तुडवत होती, पायांना काटे लागत होते. मांगुराचा काटा लागला की पोटरीपर्यंत ठणका जातो. पुन्हा ओढलं, पुन्हा तेच. दुपार झाली. माणसं खडकावर बसली. मारुतीच्या पायातून रक्त येत होतं. तो माझ्याजवळ आला आणि पाण्याकडं बघत म्हणाला, "एकच इलाज हाय. मायनं बलावलं तर वर येतेल."

"मग सांग तिला."

"मी न्हाई सांगणार."

मी मावशीकडं गेलो. ती सकाळपासून खडकाच्या सावलीत बसून होती. मी तिच्याशेजारी बसलो. "मावशी," म्हणालो, "ते चिखलातनं वर येत नाहीत."

ती म्हणाली, "मग?"

मी भाकऱ्यांच्या टोपलीकडं बघितलं. तिला समजलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं की आता ती उठून घरी जाईल असं मला वाटलं, आणि ती गेली असती तर मला बरंही वाटलं असतं. ती उठली. पाण्याशी गेली, हात-तोंड धुतलं, पदरानं पुसलं. सुनेनं सगळ्यांसाठी आणलेल्या भाकऱ्यांतली एक मागून घेतली आणि तिच्या रोजच्या जागी जाऊन बसली. मारुतीनं माणसांना खूण केली. जाळं दोन्ही बाजूंनी लांबवर पसरून धरलं गेलं, कुणी पाणी हलवत नव्हतं.

तिनं भाकरी कुस्करली. "या, बाबांनो, या."

थोडा वेळ काही झालं नाही. मग पाणी फुगलं. एकेक करत ते आले, सगळ्यात मागनं तो मोठा. ती तुकडे टाकत राहिली, नेहमीसारखे, घाई न करता. मारुतीनं हात खाली केला आणि जाळं मिटायला लागलं. पाणी उसळलं, माणसं ओरडू लागली, मासे जाळ्यावर धडका देत होते. मावशीनं मान वर केली नाही. हातातली भाकरी संपेपर्यंत ती टाकत होती. मासे जाळ्यात होते आणि तुकडे रिकाम्या पाण्यावर तरंगत होते.

मोठ्या माशाला काठावर आणायला तिघं लागले. लोक भोवती जमले. मला वाटलं, आता मावशीला दाखवावं. यानं काय काय खाल्लं हे तिनं डोळ्यांनी बघितलं तर तिच्या मनातली बोच कमी होईल. खरं तर मलाही बघायचं होतं. मारुतीनं विळ्यानं पोट फाडलं.

आत भाकरी होती. अर्धवट भिजलेली, ज्वारीची, बाकी चिखल. मारुतीनं बोटांनी पुन्हा चाचपलं. एक काटा नाही, एक पिल्लू नाही.

मी घाईनं दुसरा मासा फाडायला सांगितला. त्यात मरळीचं पिल्लू निघालं. तिसऱ्यात बेडूक. चौथा रिकामा. मी म्हणालो, "बघा, मरळ निघाली की." पण सगळे त्या मोठ्याकडंच बघत होते. मावशी जवळ आली, वाकून बघितलं, आणि घराकडं चालायला लागली. मारुती तिच्या मागं दोन पावलं गेला आणि परत आला, कारण खड्डा खणायचं राहिलं होतं.

मी मासे पुरले. या वेळी खड्डा खोल होता. पुरताना मी स्वतःला समजावत होतो की एका माशाच्या पोटावरून काही ठरत नाही. मोठ्या माशाला आयता चारा मिळतो म्हणून तो तेवढंच खात असणार, बाकीचे नदी खात होते. शास्त्राप्रमाणं मी बरोबर होतो, अजूनही आहे. तरी घरी आल्यावर बायकोनं ताटात भाकरी वाढली, ती मला त्या दिवशी खाववली नाही.

पुढं पावसाळा आला, नदी वाहिली, मी निवृत्त झालो. मारुतीचा अधूनमधून फोन यायचा. मावशी डोहावर जायची बंद झाली होती. गावातल्या कुणीही आता डोहात जाळं टाकत होतं. एकदा मोडलेल्या नियमाला कोण विचारतं. काही जण दुसऱ्या गावाहूनही यायला लागले.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी तिकडं गेलो. मारुती मला तराफ्यावरून डोहात घेऊन गेला आणि बारीक जाळं टाकलं. शिंगाळ्याची पिल्लं निघाली. वाम निघाली. मी हरखलो. मारुती हसला नाही. त्यानं जाळं दुसऱ्या बाजूला टाकलं, त्यात बोटाएवढे काळे मांगूर होते. एवढ्या लहान वयात देशी की परदेशी हे मला सांगता येत नाही, कुणालाच येत नाही. मारुतीनं विचारलं, "काय करू ह्येंचं?" मी म्हणालो, "थांब जरा." ते त्यानं बादलीत ठेवले.

घरी मावशी ओसरीवर बसली होती. थकली होती, पण डोळे तसेच. मला बसायला घोंगडी टाकायला लावली, सुनेला चहा सांगितला. मग म्हणाली, "साहेब, एक ईचारू?"

"विचारा की, मावशी."

"डव्हावर समदेच जाळं टाकायलेत. मारुती बी ऐकंना, गाव बी ऐकंना. राखला तर त्यो काळा पुन्ना वाढंल. न्हाई राखला तर लोक पिल्लूसुदीक ठिवणार न्हाईत. तुमी शिकलेले. आता राखावं का न्हाई?"

मी खात्यात असतो तर काहीतरी उत्तर दिलं असतं. शिबिरात बोलायची सवय असते, शब्द आपोआप येतात. पण मी आता कुणाच्या वतीनं तिथं बसलो नव्हतो. मी विचार केला, मारुतीच्या बादलीतली पिल्लं आठवली, आणि म्हणालो, "मला माहीत नाही, मावशी."

तिला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. ती उलट जरा सैल झाली. "मालकाला तरी कुठं म्हाईत व्हतं," ती म्हणाली. "नारळ फोडला त्या राती झोपलेच न्हाईत. मला म्हणले, गया, समद्यांच्या पोटावर पाय दिला का काय गं मी? मासे ऱ्हातेल का न्हाई ते द्येवालाच ठावं. पाच सा वर्सं त्यांना कळलंच न्हाई, बरं केलं का वाईट."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी उभी नोकरी लोकांना सांगत आलो होतो की लिंबाजींना सगळं कळलं होतं.

मारुती दारात उभा राहून ऐकत होता. मावशीनं त्याला हाक मारली. "मारुत्या, नारळ आन." तो म्हणाला, "माय, अन मांगूर?" ती म्हणाली, "दर उन्हाळ्याला बगू. जसं समजंल तसं."

आम्ही तिघं डोहावर गेलो. तिला चालताना हात द्यावा लागला. नारळ तिनं माझ्या हातात दिला. मी म्हणालो, मी भोई नाही, आमच्या घरात मासाही खात नाहीत. ती म्हणाली, "तुमीच मोडला, तुमीच फोडा."

मी खडकावर नारळ फोडला. मारुती बादली घेऊन पाण्याच्या कडेला उभा होता. त्यानं आधी आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यानं वाकून बादली पाण्याला टेकवली, आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी सारखं होऊ दिलं, आणि हळूच कलती केली.